बिनहॉर्नचा घाट

अमेरिकेत हॉर्न म्हणजे शिवी, हे मला तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. किराणा घेऊन पार्किंगमधून निघताना मी सवयीने एक बारीकसा हॉर्न दिला, तर शेजारच्या पिकअपवाल्याने काच खाली करून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझं डोकंही तसं गरमच. मीही त्याच्या दोन-तीन पिढ्यांपर्यंत पोचलो, पण मराठीतून आणि काच वर ठेवून. बायको म्हणाली, "अहो, गप बसा, इथे लोक गाडीत बंदूक ठेवतात." मी गप बसलो. त्यानंतर त्या देशात मी हॉर्नला हात लावला नाही.

हॉर्न सुटला, पण कान सुटले नाहीत. मी नागपूरचा. माझे वडील ट्रक चालवायचे, नागपूर ते मुंबई. शाळेला सुट्टी लागली की एखादी खेप मी त्यांच्या केबिनमध्ये बसून करायचो. कसारा घाट आला की बाबा गाण्याची टेप बंद करायचे. वळण आलं की एक लांब हॉर्न, मग गप्प. कान देऊन ऐकायचे. पुढून हॉर्न आला तर थांबायचं, नाही आला तर वळण घ्यायचं. आणि मागे एखादी मोटार ताटकळली असली की खिडकीतून हात बाहेर काढून, पंजा पुढे हलवून तिला वाट द्यायचे. मागच्याने बाबांचं तोंडही पाहिलेलं नसायचं. नुसत्या त्या हातावर भरवसा टाकून तो ट्रकच्या बाजूने निघून जायचा. काय सांगू राजेहो, त्या हाताचा मला केवढा अभिमान होता! वर्गात मी तो हात करून दाखवायचो.

तसाच हात करून पुढे मी एका माणसाचा जीव घेतला. आणि तो कसा गेला, हे त्याच्या बापाने विचारलं तेव्हा खोटं बोललो. एवढं आधीच सांगून टाकतो. पुढे वाचताना मी तुम्हाला भला माणूस वाटायला लागलो तर तुमची फसगत नको व्हायला.

नव्वदीतले दिवस होते ते. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एका अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघं राहायचो. मी एच-वन व्हिसावर आलेलो, दिवसभर कंपनीत कोड लिहायचो, आणि मॅनेजर साधा खोकला तरी मला वाटायचं, आता परत पाठवतात. खालच्या मजल्यावर एक जपानी विद्यार्थी राहायचा, चोवीस-पंचवीसचा. आमची ओळख कपडे धुवायच्या खोलीत झाली. त्याचं इंग्रजी तोडकं, माझं नागपुरी. दोघांनाही समोरच्याचं पहिल्या झटक्यात कळायचं नाही, त्यामुळे लाज वाटण्याचा प्रश्न नव्हता.

आमचं जमलं ते गिअरवरून. त्याच्याकडेही रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतात, आपल्यासारखीच. ड्रायव्हर उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. अमेरिकेत सगळं उलटं. तो म्हणाला, सुरुवातीला गिअर टाकायला माझा डावा हात जायचा आणि दारावर आपटायचा. मी माझ्या डाव्या हाताची बोटं पुढे केली. नख काळंनिळं झालं होतं. आम्ही दोघं त्या वॉशिंग मशीनला टेकून येड्यासारखे हसलो.

गाड्यांचं त्याला वेड होतं. त्याच्या गावाजवळ एक डोंगरी रस्ता होता आणि तिथली पोरं लहान लहान गाड्या घेऊन त्या वळणांवर शर्यती लावायची. इथे आल्यावर त्याला आमच्या डोक्यावरच्या डोंगरात तसाच रस्ता सापडला. दर रविवारी सकाळी, उजाडल्या उजाडल्या, जपानहून शिकायला आलेली आठ-दहा पोरं तिथे जमायची. एका रविवारी त्याने मलाही नेलं. एका बाजूला कापलेला खडक, दुसऱ्या बाजूला दरी, कठडा असला तर असला. वरच्या मोकळ्या जागेत ती पोरं बॉनेट उघडून, डब्यातली कॉफी पीत उभी. मला वाटलं होतं, टवाळ कार्टी असतील. कसलं काय! प्रत्येकाने मला वाकून नमस्कार केला.

त्यांच्या शर्यतीचे नियम ऐकून मी चाट पडलो. दोनच गाड्या, एक पुढे, एक मागे. मागच्याने पुढे जायचंच नाही. पुढचा त्याला मागे टाकून लांब निघाला तर पुढचा जिंकला, मागचा चिकटून राहिला तर मागचा. आणि मधली पिवळी रेष ज्याच्या चाकाने ओलांडली तो हरला, मग तो कितीही जोरात असो. "रेषेपलीकडे दुसऱ्याचा रस्ता," तो म्हणाला. मग त्याने मला शेजारी बसवून खाली नेलं. पहिल्या वळणाला मी डॅशबोर्ड धरला, तिसऱ्याला डोळे मिटले, पाचव्याला उघडले. टायर जळल्याचा वास येत होता, आणि हा पठ्ठ्या शांतपणे, ओठ जरासे मिटून, पिवळ्या रेषेच्या वीतभर अलीकडून गाडी काढत होता. खाली पोचलो तेव्हा मी खूश होतो. इतका खूश मी त्या देशात फार कमी वेळा झालो.

त्या दिवशी परतताना मी त्याला आमच्या घाटाबद्दल सांगितलं. बाबांचा ट्रक, वळणावरचा हॉर्न, आणि तो हात. खिडकीतून हात काढून मी त्याला करून दाखवला. म्हटलं, आमच्याकडे हा हात दिसला की डोळे झाकून पुढे जायचं, त्यात कधी खोट नसते. त्याला ते फार आवडलं. तो म्हणाला, आमच्याकडे कुणी वाट दिली की पुढे जाऊन गाडीचे चारही दिवे दोनदा लुकलुकवतात, म्हणजे थँक्यू. मग आमचा खेळच झाला. अपार्टमेंटच्या गेटाशी गाठ पडली की मी हात करायचो, तो पुढे जाऊन दिवे लुकलुकवायचा. बायको म्हणायची, "दोन्ही पोरं बिघडलीत."

पुढे दीडेक महिन्याने, एका रविवारी, मी आणि बायको डबा घेऊन त्याच रस्त्याने वर निघालो. ऊन चांगलं वर आलं होतं, म्हणजे पोरांच्या शर्यती संपल्या असणार. बायकोला वळणं बाधत होती, म्हणून मी गाडी हळू चालवत होतो. मागे पाहिलं तर तो. एकटाच. त्याने एकदा हेडलाइट दाखवून ओळख दिली आणि मग तीन-चार गाड्यांचं अंतर ठेवून सावकाश मागे येत राहिला. हॉर्न नाही, घाई नाही, काही नाही. पाव मैलावर टर्नआउट असल्याची पाटी दिसली. टर्नआउट म्हणजे हळू चालणाऱ्याने बाजूला होऊन मागच्याला जाऊ द्यायची जागा. पाव मैल म्हणजे असून असून किती? पण मला बाजूला व्हायचं नव्हतं. मला मिरवायचं होतं. बायको शेजारी, मागे माझा शागीर्द, आणि मी ट्रकवाल्याचा पोरगा घाटात.

समोर उजवं वळण होतं. खडकाआड पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी काच खाली केली आणि कान दिला. हॉर्न आला नाही. आणि माझा हात बाहेर गेला.

ज्या देशात कुणी हॉर्न देतच नाही, तिथे मी हॉर्न न आल्याचा अर्थ रस्ता मोकळा असा लावला. दोन वर्षं तिथे राहून! मी स्वतः हॉर्न द्यायचं सोडलं होतं आणि समोरच्याने तो द्यावा म्हणून कान लावून बसलो होतो. या मूर्खपणाला कुठल्याही भाषेत शब्द नाही.

त्याने क्षणभरही विचार केला नाही. डोळे झाकून जा असं मीच सांगितलं होतं ना. पिवळी रेष ओलांडून तो माझ्या बाजूला आला, मान किंचित झुकवली, हसला, पुढे गेला. माझ्या गाडीसमोर परत यायला लागला होता. त्याचे मागचे दिवे लुकलुकले. एकदा. दुसऱ्यांदा लुकलुकायच्या आत वळणावरून पिकअप आला. त्या पोराने गाडी खडकाकडे ओढायला हवी होती, पण खडकाच्या बाजूला मी होतो. माझ्या अंगावर न येता तो दुसरीकडे गेला. पिकअपचा कोपरा त्याला लागला आणि तो कठडा नसलेल्या जागेवरून खाली गेला.

पिकअपवाल्याच्या दोन बरगड्या मोडल्या. आम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही.

पोलीस आले. एकजण माझ्याशी फार नीट बोलला, प्यायला पाणी दिलं. मग विचारलं, "तुम्ही त्याला काही खूण केली होती का?" माझ्या डोळ्यांपुढे व्हिसाचा कागद आला, कोर्ट आलं, विमान आलं. खरं सांगतो, त्या पोराचा चेहरा आला नाही. मी म्हटलं, "नाही. मी हात खिडकीवर टेकवला होता." त्याने विचारलं, "शर्यत चालली होती?" मी म्हटलं, "ते लोक दर रविवारी इथे शर्यत लावतात." यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याने लिहून घेतलं. बायको शेजारी उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी तिच्याकडे सोडून सगळीकडे पाहत होतो.

घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुम्ही हात केला होता ना?"

मी म्हटलं, "मी घाम पुसत होतो."

तिने डबा उघडला, पोळ्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि आत जाऊन झोपली. पुढे कित्येक महिने आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलायचो.

त्याचे वडील जपानहून आले. कॉलेजमधल्या एका लहान खोलीत पोरांनी शोकसभा ठेवली. ती पोरं माझ्या दारात आली आणि म्हणाली, इथे आमच्या ओळखीचा कुणी भिक्खू नाही, तुम्ही बौद्ध आहात असं तो सांगायचा, तुम्ही काही म्हणाल का? आमच्या घरी रोज वंदना व्हायची, हे मीच त्याला कौतुकाने सांगितलं होतं. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. खरं कारण सांगता येत नव्हतं.

वडील बारीक अंगाचे, काळ्या सुटातले. पोरांनी त्याचा फोटो मोठा करून आणला होता, गाडीला टेकून हसणारा. वडिलांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि पालथा करून टेबलावर ठेवला. मग ते माझ्यासमोर आले आणि कमरेत वाकले. वाकलेच राहिले. त्यांचं बोलणं एका पोराने मला इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणताहेत, माझ्या मुलाने तुमचा आणि तुमच्या पत्नीचा जीव धोक्यात घातला. मी आणि त्याची आई तुमची क्षमा मागतो."

मी काय करायला हवं होतं? त्यांच्या पायाशी पडायला हवं होतं. मी म्हटलं, "असू द्या, असू द्या."

ते सरळ झाले. मग त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून एक प्रश्न विचारला. पोराने सांगितलं, "त्यांना विचारायचंय, तो खरंच शर्यत लावत होता का? त्याची आई म्हणते, दुसऱ्याच्या रस्त्यात शिरून माणसं मारायला निघालेल्या मुलाचा फोटो मी घरात कसा लावू. तुम्ही सगळं जवळून पाहिलंत. तुम्ही सांगा."

हे इंग्रजीत सांगणारा पोरगा मला चांगला ओळखत होता. डब्यातली कॉफी त्यानेच माझ्या हातात दिली होती. पिवळ्या रेषेचा नियम त्यालाही ठाऊक होता. तो आशेने माझ्याकडे पाहत होता. मी मान हलवली. "हो," म्हटलं. "शर्यत होती."

वडिलांनी पुन्हा एकदा वाकून आभार मानले. मग सगळे खुर्च्यांवर बसले आणि मी हात जोडून त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हणायला लागलो. पहिलं शील, जीव न घेण्याचं. दुसरं. तिसरं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाजच बंद झाला. लहानपणापासून पाठ असलेलं ते वाक्य मला म्हणता येईना. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, माणूस दुःखाने गहिवरला. कुणीतरी पाणी आणून दिलं. वडील उठून माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. निघताना त्यांनी आपल्या पत्त्याचं कार्ड माझ्या हातात दिलं.

ते कार्ड मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं. म्हणजे व्हिसासाठी पासपोर्ट काढला की ते दिसायचंच. दोन वर्षं दिसलं.

मग बाबा आले, तीन महिन्यांसाठी. तोवर त्यांनी ट्रक सोडला होता. त्या रस्त्यावर मी त्यांना नेलं नाही, पण डोंगर तिथे पाहिजे तेवढे. एका रविवारी दुसऱ्याच एका घाटात आम्ही दोघं वर चाललो होतो. बाबा खिडकीबाहेर बघत खूश होते. वळण आलं आणि ते एकदम म्हणाले, "हॉर्न दे ना बे."

"इथे देत नाहीत, बाबा."

"देत नाही? मंग पुढून येते का नाही, हे कसं समजते?"

"नाही समजत," मी म्हटलं, आणि मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. चाळिशीकडे आलेला माणूस, बापाशेजारी बसून. मग सगळं सांगितलं. हात, पोलीस, तो बाप, चौथं शील, सगळं.

बाबांनी आधी हात लांब करून गाडीची किल्ली बंद केली. मग विचारलं, "वळणापलीकडचं दिसत होतं का तुले?"

"नाही."

"मंग हात कायले केला?"

"हॉर्न आला नाही म्हणून. तुम्ही तसंच करायचे ना."

"मी?" बाबा एवढे चिडलेले मी लहानपणीही पाहिले नव्हते. "मी कवा न पाहता हात केला बे? हॉर्न आयकून मी माही गाडी काढत होतो. दुसऱ्याले हात केला तं वरून, केबिनमधून, सारा रस्ता डोळ्यानं पाहूनच केला. अर्धंच पाह्यलं तू आन आता माह्यावर ढकलते?"

मी म्हटलं, आता बोललो तर माझी नोकरी जाईल, ग्रीन कार्ड जाईल.

"तुझं काय जाते ते तू पाह्य," बाबा म्हणाले. "त्याचं पोरगं तं गेलंच. वरून त्याले बदमाश ठरवून ठेवलं तू. त्या मायले लिही. आज लिही."

परतताना बाबा मागच्या सीटवर जाऊन बसले. नागपूरला परत जाईपर्यंत ते माझ्या शेजारी पुढे बसले नाहीत.

त्याच दिवशी मी लिहिलं. सोप्या इंग्रजीत, दहा-बारा ओळी. तुमचा मुलगा शर्यत लावत नव्हता. तो माझ्या मागे सावकाश येत होता. मी हात करून त्याला पुढे जायला सांगितलं. मला पुढचं दिसत नव्हतं. तो हात बघून पुढे यायचं हे मीच त्याला शिकवलं होतं. शेवटी त्याने गाडी माझ्या अंगावर येऊ दिली नाही, म्हणून मी आणि माझी पत्नी जिवंत आहोत. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. बायकोला वाचायला दिलं. तिने वाचलं, पाकिटावर पत्ता तिनेच लिहिला, आणि पोस्टात टाकायलाही तीच गेली. पोलिसांकडे मात्र मी गेलो नाही. तेवढी छाती मला आजवर झालेली नाही.

महिन्याभराने उत्तर आलं. कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं, टाइप केलेलं, खाली जपानीत सही.

"तुमचं पत्र मी त्याच्या आईला वाचून दाखवलं. दोन वर्षं तिने त्याचा फोटो कपाटात ठेवला होता आणि घरात त्याचं नाव काढू दिलं नव्हतं. काल तिने फोटो बाहेर काढला. ती दिवसभर त्याची क्षमा मागत होती. कृपया आम्हाला पुन्हा लिहू नका."

बाबा अजून परत गेले नव्हते. मी त्यांना पत्र मराठीत सांगितलं. त्यांनी ते हातात घेतलं, इंग्रजी येत नसताना बराच वेळ त्याकडे बघत बसले आणि मला परत दिलं.

"बरोबर आहे त्याचं," म्हणाले.